परदेशात मुलांना शिकवायला निघालेली आपली पोरं: मिशन ट्रिप म्हणजे नेमकं काय?

मी जालन्यात संडे स्कूल (मुलांसाठी रविवारचा बायबलचा वर्ग) घेते, आणि हल्ली उन्हाळा तोंडावर आला की एक प्रश्न हमखास येतो. तरुण संघातली एखादी मुलगी दोन-तीन आठवड्यांसाठी नेपाळला, नाहीतर आफ्रिकेतल्या एखाद्या देशात ‘मुलांना शिकवायला’ जाणार असं कळतं आणि घरात चर्चा पेटते. अशाच एका वडिलांनी उपासनेनंतर मला थांबवलं. “ताई, हिला अजून नोकरी नाही, तिथली भाषा येत नाही. ही तिथं जाऊन शिकवणार काय? आणि पैसे मंडळीनं का द्यायचे?” शेजारपाजारच्या घरांतून येणारा प्रश्न वेगळा असतो: हे लोक तिथल्या लेकरांचं धर्मांतर करायला चाललेत का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मंडळीत (ख्रिस्ती सभासदांच्या समूहाला आम्ही मंडळी म्हणतो) त्यांची नीट उत्तरं दिली जात नाहीत, आणि मंडळीबाहेरचे लोक विचारायला संकोचतात. माझं मत आधीच सांगते. तिथं वर्षभर शिकवणाऱ्या स्थानिक शिक्षकाचं काम या फेरीनं सोपं होणार असेल तर जरूर जावं. तसं होणार नसेल तर तो पैसा आणि वेळ दुसरीकडे लावावा.

ही पद्धत आली कुठून

मंडळीतले काही जण, बहुतेक कॉलेजच्या किंवा त्याच्या पुढच्या वयाचे, थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या देशात जातात आणि तिथल्या मंडळीच्या कामाला हातभार लावतात. याला अल्पकालीन मिशन म्हणतात. बोलीत सगळे ‘मिशन ट्रिप’च म्हणतात. कुणी भिंती रंगवतं, कुणी आरोग्य शिबिरात मदत करतं, पण सगळ्यांत जास्त तुकड्या मुलांना शिकवायला जातात, कारण त्याला विशेष शिक्षण लागत नाही असा समज आहे. तो समज चुकीचा आहे.

पूर्वी मिशनरी म्हणजे आयुष्यभराचं काम असायचं. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन तरुण मुंबईत उतरले. महिनोन्‌महिने जहाजाचा प्रवास करून आलेल्या माणसाला मराठी शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हॉल मराठी शिकले, इथंच राबले आणि १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीनं वारले.

विमानप्रवास आवाक्यात आला तसं चित्र पालटलं. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर नावाचा अमेरिकन विद्यार्थी मित्रांना घेऊन सुट्टीत मेक्सिकोला गेला आणि त्यातून पुढं ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभं राहिलं. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केलं. धर्मशास्त्राची पदवी मिळेपर्यंत तरुणांनी का थांबायचं, हा त्यामागचा विचार. ही कल्पना इतकी फोफावली की एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख लोक अशा फेऱ्यांवर जातात, असा अंदाज समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मांडला होता. आता भारत, कोरिया, ब्राझील अशा देशांतले तरुणही जातात. त्यातच आपल्याकडची ही चार-सहा पोरं.

तिथं गेल्यावर शिकवतात काय

बहुतेक ठिकाणी सुट्टीतली बायबल शाळा घेतात. आमच्याकडे तिला ‘व्हीबीएस’ (व्हेकेशन बायबल स्कूल) म्हणतात आणि मे महिन्यात मराठवाड्यातल्या अनेक मंडळ्यांत ती भरते. सकाळी हातवारे करत म्हणायची गाणी, मग बायबलमधली एक गोष्ट, एका वचनाचं पाठांतर, कागद-कात्री-रंगांचं काम, खेळ आणि खाऊ. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी दारूचं एक दुकान भाड्यानं घेऊन असा वर्ग चालवला, तिथून ही प्रथा पसरली. संडे स्कूल त्याहून जुनं. १७८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी सहा दिवस कामावर जाणाऱ्या मुलांना रविवारी वाचायला शिकवायला सुरुवात केली. म्हणजे अक्षरओळख आणि धर्मशिक्षण हे या परंपरेत पहिल्यापासून एकमेकांत गुंफलेले आहेत. म्हणूनच “आम्ही फक्त इंग्रजी शिकवायला जातो” असं कुणी सांगत असेल आणि तिथं बायबलची गोष्टही सांगणार असेल, तर ते लपवणं मला पटत नाही. जे करायचं ते घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि तिथल्या पालकांना आधी सांगावं.

आता भाषेचं पाहा. मराठी मुलगी केनियात वर्ग घेते तेव्हा ती इंग्रजीत एक वाक्य बोलते आणि शेजारी उभी असलेली तिथली बाई ते स्वाहिलीत सांगते. एक तासाचा धडा त्यामुळं अर्ध्या तासाचा होतो. लहान मुलांना गोष्ट सांगताना आवाज चढवावा लागतो, थांबावं लागतं, मुलांच्या डोळ्यांत पाहून पुढचं वाक्य बदलावं लागतं. दुभाष्याकडून हे करून घेता येत नाही. थोड्या वेळात मुलं पाहुणीकडं पाहणं सोडून दुभाषीकडं पाहू लागतात, कारण गोष्ट तिच्या तोंडून कळत असते. जिनं ही अडचण अनुभवली आहे ती मुलगी दुसऱ्या दिवशी शहाणपणानं गोष्ट त्या बाईंनाच सांगू देते आणि स्वतः चित्रं धरते, मुलांना रांगेत बसवते, रंग वाटते. माझ्या मते ही खरी उपयोगी पाहुणी.

नेपाळमध्ये आपल्या पोरांना एक सोय आहे. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळं अर्थ पूर्ण कळला नाही तरी फळ्यावरचं वाचता येतं आणि मुलांची नावं बरोबर लिहिता येतात. पण तिथं दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच भरते. आणि शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. आपल्याकडे मे महिन्यात सुट्टी असते तेव्हा तिथल्या शाळा चालू असतात. केनियातही मे महिन्यात शाळेचं सत्र चालू असतं. आपल्या सुट्टीच्या सोयीनं तिकिटं काढली तर मुलं शाळेतून दमून आल्यावर आपल्यासमोर बसणार, किंवा त्यांची शाळा बुडणार. तारखा तिथल्या शिक्षकांनी ठरवायच्या, हे इतकं साधं असूनही वारंवार उलटं घडतं.

पाहुण्यांनी काय करावं आणि काय करू नये

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, हे मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. त्या गाडीनं लोकांना धीर दिला, तहान भागवली. पण तिच्यामुळं मांजरा धरण भरलं नाही आणि भूजलाची पातळीही वर आली नाही. ती कामं गावोगावच्या माणसांना वर्षानुवर्षं करावी लागतात. बाहेरून आलेली तुकडी त्या गाडीसारखी असते: गरजेच्या वेळी मोलाची, पण तिच्यावर गावाची सगळी तहान सोपवता येत नाही.

आपल्या मातीतला दाखला याहून बोलका आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आली. तिनं आधी तिथं आणि मग अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ मध्ये मरण येईपर्यंत ती इथंच राहिली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं त्यात अहमदनगरच्या तिच्या शाळेचा वाटा आहे. पुण्यात १८४८ मध्ये मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या त्या सावित्रीबाई. शेणाचे गोळे झेलले ते त्यांनी. मुलींना घरोघरून बोलावून आणलं तेही त्यांनीच, कारण त्यांना ती घरं, ती भाषा, ती भीती सगळं आतून ठाऊक होतं. फरार बाईंच्या पस्तीस वर्षांच्या कामातलं सर्वांत मोठं फळ एका मराठी शिक्षिकेच्या हातून आलं.

मराठवाड्यातही तेच दिसतं. जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण घरात जन्मलेला आणि १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस. औरंगाबादेत रेव्हरंड रतनजी नवरोजी या पारशी कुटुंबातल्या पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) काम उभं केलं. पैसा स्कॉटलंडहून, इंग्लंडहून आला असेल, पण पाय रोवून उभे राहिले ते इथले लोक. आणि मराठवाड्यातून कुणी परदेशात जाऊन बोलण्याची ही पहिली वेळ नाही. शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत बोलले होते. दीडशे वर्षांपूर्वी जालन्याचा माणूस तिथं गेला तो आपल्या गावचं काम सांगायला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पैशाचा हिशेब

खर्च साधारणपणे जाणारी व्यक्ती, तिचं कुटुंब आणि मंडळी मिळून उचलतात. तरुण घरोघरी पत्र देतात, उपासनेत विनंती करतात, लोक जमेल तसं दान देतात. यात गैर काही नाही. फक्त देणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क आहे आणि मागणाऱ्यानं तो रुपयाभर न लपवता द्यायला हवा.

कर्ट व्हर बीक हे होंडुरासमध्ये राहणारे ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञ. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर तिथं अमेरिकेहून तरुणांच्या तुकड्या घरं बांधायला आल्या. त्या तुकड्यांनी बांधलेली घरं आणि स्थानिक लोकांनी बांधलेली घरं यांत राहणाऱ्या कुटुंबांना त्यांनी भेटी दिल्या. घर कुणी बांधलं यामुळं कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला त्यांना दिसला नाही. एका घराला सुमारे २ हजार डॉलर लागत, आणि एका तुकडीचा विमानभाड्यासह खर्च सुमारे ३० हजार डॉलर होई. परत आल्यावर आपण जास्त दान देऊ लागलो असं बऱ्याच तरुणांनी सांगितलं, पण दानाच्या नोंदी तपासल्या तर तसा मोठा बदल आढळला नाही. जाण्याच्या बाजूनं सांगितलं जाणारं सर्वांत मोठं कारण म्हणजे ‘जाणाऱ्याचं आयुष्य बदलतं’. ते आपोआप खरं होत नाही, असं हा अभ्यास सांगतो.

मग पैसेच पाठवावेत का? कधीकधी हो. तिथल्या शिक्षिकेचा वर्षभराचा पगार एका तिकिटात निघत असेल तर मंडळीनं हा पर्याय उघडपणे मांडायला हवा. पण माणसानं माणसाला भेटण्याची किंमत शून्य धरणंही मला मान्य नाही. एखादी मंडळी दरवर्षी त्याच गावाला जाते, तेच शिक्षक भेटतात, पुढच्या वर्षी तिकडचे शिक्षक इकडं येतात, असं नातं असेल तर त्या खर्चाचा अर्थ बदलतो.

सरकारी नोकरीत असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. परदेशात राहण्या-जेवण्याचा किंवा प्रवासाचा खर्च तिकडची संस्था करणार असेल, तर विदेशी अंशदान विनियमन कायदा २०१० प्रमाणे सरकारी नोकराला त्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. कार्यालयाची परवानगी वेगळी. बऱ्याच शिक्षकांना हे ठाऊकच नसतं.

हे धर्मांतर आहे का

इथं गोलमोल बोलून चालणार नाही. ख्रिस्ती श्रद्धेत आपली सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, दुसऱ्याला सांगणं हे कर्तव्य मानलं जातं, आणि आपल्या राज्यघटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. त्याचबरोबर १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मुलांच्या बाबतीत रेषा आणखी ठळक आहे. कलम २८ नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ते देताच येत नाही.

परदेशात तिथला कायदा लागतो. नेपाळच्या २०१५ च्या घटनेतलं कलम २६ दुसऱ्याचा धर्म बदलायला लावण्यास मनाई करतं. तिथल्या फौजदारी संहितेत, कलम १५८ खाली, त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, म्हणून तो परदेश वाटत नाही. कायद्यापुढं मात्र आपण तिथं परकेच.

कायद्यापलीकडचं माझं म्हणणं असं. सहा-सात वर्षांचं मूल खाऊ, रंगपेटी आणि प्रेमळ ताई यांच्या बदल्यात काहीही म्हणायला तयार होतं. त्याच्या तोंडून वदवून घेतलेल्या प्रार्थनेला श्रद्धा म्हणता येत नाही, आणि अशा प्रार्थनांचा आकडा अहवालात लिहिणं हा त्या मुलाचा आणि श्रद्धेचाही अपमान आहे. ख्रिस्ती कुटुंबांतली मुलं, आणि ज्यांच्या पालकांनी सगळं माहीत असून पाठवलंय अशी मुलं, एवढ्यांचाच वर्ग घ्यावा. खाऊ आलेल्या सगळ्या लेकरांना द्यावा, गोष्ट ऐको न ऐको.

अनाथाश्रमात जायचं असेल तर

या बाबतीत मी वडीलधाऱ्यांना थेट सांगते: पाठवू नका. नेपाळ, कंबोडिया अशा देशांत अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. परदेशी पाहुणे आणि त्यांची देणगी येते म्हणून गरीब घरांतली मुलं तिथं आणून ठेवली जातात. हा प्रकार इतका गंभीर आहे की ऑस्ट्रेलियानं आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत तो विचारात घेतला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अशा स्वयंसेवक सहलींबद्दल चिंता नोंदवली. शिवाय दर महिन्याला नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते. आईबापांपासून तुटलेल्या मुलाला ही ताटातूट पुन्हा पुन्हा सोसावी लागते. आपल्याला निरोप देताना ते मूल गळ्यात पडून रडतं, आणि आपल्याला वाटतं किती लळा लागला.

जिथं मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात अशाच ठिकाणी शिकवावं. कोणताही पाहुणा एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही, मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय निघणार नाहीत, जाणाऱ्या प्रत्येकाचं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र असेल, हे लेखी ठरवायला हवं. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला वाईट वाटत नाही.

“आपलीच लेकरं शाळेबाहेर आहेत, तिकडं कशाला?”

या आक्षेपापुढं मी बराच वेळ थांबते. दिवाळीच्या आसपास बीड, जालना, परभणीतली ऊसतोड कुटुंबं कोयता घेऊन निघतात आणि त्यांच्याबरोबर लेकरंही फडावर जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परततात तेव्हा वर्गातली बाकीची मुलं कितीतरी पुढं गेलेली असतात. हंगामी वसतिगृहं आहेत, पण सगळी मुलं तिथं राहत नाहीत. या मुलांना एप्रिल-मे महिन्यात रोज दोन तास वाचन आणि गणित शिकवणारं कुणी मिळालं तर फार मोठा फरक पडेल. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही, दुभाषी लागत नाही.

तरी मी ‘तिकडं जाऊच नका’ म्हणत नाही. दूरच्या माणसाची काळजी करणाऱ्याला जवळचं दिसत नाही असा नियम नाही. पण आमच्या मंडळीत मी एक अट सुचवली आहे: ज्याला परदेशात शिकवायचंय त्यानं आधी वर्षभर दर आठवड्याला इथल्या मुलांना शिकवावं. वर्षभरात कंटाळा येतो, मुलं गैरहजर राहतात, एखादं मूल तीन महिने ‘क’ आणि ‘फ’मध्ये गोंधळतं. एवढं सोसून जो टिकला तो परदेशातल्या शिक्षिकेजवळ बसून तिच्या अडचणी समजून घेऊ शकेल. नाहीतर तो आपल्याबरोबर गाणी नेतो आणि फोटो आणतो.

उलट दिशेनं येणारे पाहुणे

परदेशी तरुणही आपल्याकडच्या व्हीबीएसला येतात, आणि तिथंही नियम माहीत हवेत. पर्यटक व्हिसावर आलेला माणूस उपासनेला बसू शकतो, प्रार्थनास्थळ पाहू शकतो. धर्मोपदेश करणं, धार्मिक स्थळी भाषण देणं, धर्मप्रसाराची पत्रकं वाटणं त्या व्हिसावर चालत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेला आपला एखादा नातेवाईक ओसीआय कार्डावर येत असेल तरी २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी कामासाठी त्याला विशेष परवानगी लागते. पाहुणा पाळकसाहेबांच्या घरी उतरणार असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. हे चुकलं तर पाहुणा विमानात बसून निघून जातो आणि चौकशीला इथले पाळक आणि शिक्षक सामोरे जातात. म्हणून बोलावण्यापूर्वी व्हिसाची प्रत मागवून ठेवावी, आणि व्हिसा मिशनरी नसेल तर गोष्ट सांगायचं काम आपल्याच संडे स्कूलच्या शिक्षकांनी करावं.